बोधनिक नैराश्यप्रवणता

ठरावीक विचारपद्धती असलेल्या व्यक्तीवर ताणाचा प्रसंग ओढवला असता तिला नैराश्यविकार जडण्याची वाढीव शक्यता. विचारपद्धती किंवा ताण यांपैकी एकच कारण सहसा पुरत नाही, दोन्ही जुळून यावी लागतात, हे या उपपत्तीचे गृहीतक. प्रवणता व ताण यांची ही सांगड आधी छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनिया) अभ्यासात रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांच्या १९६२ च्या लेखनाला दिले जाते.

नैराश्याबाबत दोन स्वतंत्र परंपरा दिसतात. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या मते स्वतः, जग आणि भविष्य यांविषयीच्या प्रतिकूल धारणा बालपणी घडतात, सुप्त राहतात आणि वियोग वा अपयशाच्या वेळी जाग्या होतात. दुसरी परंपरा मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांच्या १९६७ मधील कुत्र्यांवरील प्रयोगांतून निघाली. विजेचे धक्के टाळता न आलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही जागची हलली नाहीत. धडपड व्यर्थ आहे हे ती शिकली, असा निष्कर्ष निघाला (‘शिकलेली असहायता’). १९७८ मध्ये ही उपपत्ती माणसांसाठी सुधारण्यात आली: ‘दोष माझाच, तो कायमचा आणि सगळीकडेच आड येणारा’ अशी कारणे अपयशाला लावणारे अधिक धोक्यात असतात. मूळ प्रयोगकर्त्यांनीच २०१६ मध्ये आपला निष्कर्ष उलटा केला. निष्क्रियता शिकावी लागत नाही, ती मूळचीच असते. शिकावे लागते ते नियंत्रण, असे ते आता मानतात.

विचार आधी की विकार आधी, हा खरा वाद. बरे झालेल्या रुग्णांत प्रतिकूल विचार पुष्कळदा ओसरतात. त्यामुळे ते विकाराचे केवळ लक्षण आहेत, असा आक्षेप घेतला गेला. त्याला अधिक सबळ उत्तर आधीपासून केलेल्या मोजमापांतून मिळते. कॅलिफोर्नियातील ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपापूर्वी सुमारे दोन आठवडे तेथील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची विचारपद्धती नोंदवलेली होती, हा योगायोगच. दुःखाचाच रवंथ करण्याची सवय असलेल्यांत भूकंपानंतर नैराश्याची लक्षणे अधिक आढळली (सूझन नोलेन-होक्सेमा, १९९१).

जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी (१९७८) लंडनमधील कँबरवेलच्या स्त्रियांच्या अभ्यासात मात्र विश्वासाच्या नात्याचा अभाव, लहानपणी झालेला मातृवियोग अशा परिस्थितीला महत्त्व दिले. एका जनुकाच्या ठरावीक रूपामुळे ताणानंतर नैराश्याचा धोका वाढतो, हा जनुकीय प्रवणतेविषयीचा २००३ मधील गाजलेला निष्कर्ष पुढील मोठ्या पाहण्यांत टिकला नाही.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासलेल्या नैराश्यावरील समुपदेशनात (२०१७) विचारांपेक्षा कृती वाढवण्यावर भर होता. ते स्थानिक, बिगरवैद्यकीय समुपदेशकांनी दिले.