थोरल्या कॅमेऱ्यात धाकटी फिल्म

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचायला लागल्या की फोटो काढणाऱ्याची पंचाईत होते. काठी फ्रेममध्ये मावत नाही. मागं सरावं तर मागं गर्दी, आणि सरायला मिळालंच तर काठीबरोबर नारळाची चार दुकानंही फोटोत येतात. माझ्याकडच्या एका फोटोत मात्र काठी बुडख्यापासून शेंड्यापर्यंत उभी आहे. फोटो अरुंद, उंच, फूटपट्टीसारखा. दोन्ही कडांना फिल्मची चौकोनी भोकं आहेत आणि उडालेला गुलाल त्या भोकांच्या मधूनही दिसतो. तो काढलाय जुन्या, दोन लेन्सच्या यशिका-ए कॅमेऱ्यावर. त्यात खरं तर १२० नंबरचा रुंद रोल घालायचा, पण मी घातला होता साधा ३५ मिलिमीटरचा, छत्तीस फोटोंचा.

या उद्योगाला आता 'पॅनोरमा' असं भारदस्त नाव मिळालंय. मूळ मात्र काटकसरीत आहे, आणि त्यासाठी या दोन फिल्मची जन्मकथा बघावी लागते.

१२० चा रोल कोडॅकनं १९०१ मध्ये ब्राउनी नंबर २ या पेटी-कॅमेऱ्यासाठी काढला. फिल्म साधारण सहा सेंटिमीटर रुंद, पाठीला काळा कागद, कागदावर छापलेले आकडे, आणि ते बघायला कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल खिडकी. ३५ मिलिमीटर त्याहून जुनी, पण तिचं घराणं वेगळं. एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या डिक्सननं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ईस्टमनची ७० मिलिमीटरची पट्टी मधोमध उभी चिरली, कडांना भोकं पाडली, आणि सिनेमाची फिल्म तयार झाली. म्हणजे धाकटी फिल्म मुळात एका रुंद पट्टीचा अर्धा वाटा.

कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' उतरवला, तो १९२० मध्ये पडद्यावर आला. ३५ ची फिल्म वापरणारा लायका कॅमेरा बाजारात यायला अजून पाच वर्षं होती. जगातले बहुतेक फोटोग्राफर काचेच्या प्लेटा आणि कागदी पाठीचे रोल वापरत होते, तेव्हा आपल्या गावात ३५ ची भोकाची फिल्म हातानं फिरवली जात होती. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी धावते आणि चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. लायका घडवणाऱ्या बार्नाकनं त्यात तीच फिल्म आडवी धावती केली, दोन चौकटींची एक केली, आणि २४ बाय ३६ हे माप रूढ झालं. तयार डबीतला ३५ चा रोल कोडॅकनं १९३४ मध्ये आणला.

स्टुडिओवाले मात्र १२० ला चिकटून राहिले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मोठी निगेटिव्ह, ब्रशनं रिटच करायला सोपी, आणि तालमीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या पैलवानाच्याही मिशा दिसायच्या. घरोघरी होता तो बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री. रोल उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' नाहीतर बाहेरचा, आणि एका रोलात बाराच फोटो. बारा म्हणजे बारसं असलं तरी हात आखडता.

या बारा फोटोंवर उपाय म्हणूनच थोरल्या कॅमेऱ्यात धाकटी फिल्म बसवायची सोय निघाली. रोलायफ्लेक्स या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यासाठी 'रोलायकिन' नावाचा संच दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच निघाला होता. १९५८ ची यशिका ६३५ तर नावातच दोन्ही मापं मिरवते, ६ आणि ३५. पण या सगळ्या संचांत एक मास्क असायचा, म्हणजे आतली झाकणपट्टी, आणि ती चित्र मुकाट्यानं २४ बाय ३६ चंच ठेवायची. एका रोलात छत्तीस फोटो मिळाले की गिऱ्हाईक खूश. पट्टी काढून टाकावी असं कुणाच्या फारसं मनात आलं नसावं, कारण काढली की फोटो कमी होतात आणि सगळा खटाटोप होता फोटो वाढवायचा.

लांबट फोटोची हौस वेगळ्या वाटेनं आली. १८४४ च्या सुमारास पॅरिसमध्ये फॉन मार्टेन्सनं फिरत्या लेन्सचा कॅमेरा केला, त्यात दीडशे अंश मावायचे. १८५८ मध्ये लखनौला आलेल्या बिआटो या फोटोग्राफरनं शेजारशेजारच्या प्लेटा जोडून पडझड झालेलं शहर दाखवलं. १९०४ च्या सर्कटमध्ये आख्खा कॅमेराच फिरायचा. शाळेच्या ग्रुपमधलं एखादं वात्रट पोरगं मागून पळत जाऊन दुसऱ्या टोकालाही उभं राहायचं आणि एकाच फोटोत दोनदा यायचं. नंतर जपानी वाइडलक्स आणि रशियन होरायझंट हे फिरत्या लेन्सचे कॅमेरे ३५ च्या फिल्मवर आले.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या शेवटी कंपन्यांच्याच हातून. ब्रोनिकानं आपल्या ईटीआर कॅमेऱ्यासाठी २४ बाय ५४ ची पाठ, म्हणजे फिल्म बसवायचा मागचा डबा, काढली, १९९५ च्या मामिया ७ ला २४ बाय ६५ चा संच मिळाला, आणि १९९८ मध्ये हॅसलब्लाड व फुजीनं मिळून एक्सपॅन हा लांबट फोटोचा कॅमेरा आणला. एक्सपॅनच्या जुन्या नगाची आजची किंमत ऐकून ज्यांचे डोळे पांढरे झाले, त्यांनी माळ्यावरचा आजोबांचा कॅमेरा खाली काढला. हा सगळा उपद्व्याप तिथून.

करायचं काय ते सांगतो. ३५ ची डबी खालच्या कप्प्यात बसते, पण बुटकी पडते. दोन्ही बाजूंना बाटलीचं बूच कापून नाहीतर रबरी वायसर लावून ती बरोबर मधोमध आणायची. वरच्या १२० च्या रिकाम्या स्पूलवर फिल्मचं टोक चिकटपट्टीनं सरळ चिकटवायचं. केसभर तिरकं गेलं तर पाचव्या फोटोपर्यंत फिल्म कडेला चढते. लाल खिडकीवर काळी टेप लावायची, कारण या फिल्मला कागदाची पाठ नाही. आकडे दिसत नाहीत म्हणून खुंटीचे फेरे मोजायचे. सुरुवातीला एका फोटोला दीडेक फेरा लागतो. स्पूल जाड होत जाईल तसा शेवटी जेमतेम एक पुरतो. फोकसच्या काचेवर दोन्ही बाजूंनी साडेदहा मिलिमीटर सोडून पेन्सिलीच्या दोन रेघा माराव्यात, मधे उरतं तेवढंच आपलं. फिल्म कडेच्या रुळांवर टेकत नाही, ती मधे लोंबते आणि किंचित फुगते, म्हणून लेन्सचं छिद्र एफ ११ हून मोठं मी उघडत नाही.

एक कबूल करायला हवं. यात काही जास्त दिसत नाही. यशिकाची लेन्स ८० मिलिमीटरची, चित्र ५६ मिलिमीटर लांब, म्हणजे नजर चाळीस अंशांच्या आतच. ३५ च्या कॅमेऱ्यावरची साधी पन्नासची लेन्सही एवढंच दाखवते. एक्सपॅन ४५ च्या लेन्सवर सत्तरच्या पुढं जातो. आपण फक्त चौकोनाच्या दोन बाजू छाटतो, आणि तीच छाटणी १२० च्या निगेटिव्हवर कात्रीनंही होते. भोकांची झालर मात्र कात्रीनं मिळत नाही.

शिवाय दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात फिल्म खालून वर जाते, त्यामुळे पट्टी उभी मिळते. सासनकाठीला, दीपमाळेला हे फार छान. रंकाळ्याची आडवी कड हवी असेल तर कॅमेरा कुशीवर झोपवायचा आणि काचेत बाजूनं डोकवायचं. तेव्हा तळं काचेत उलटं, खालचं वर दिसतं, आणि शेजारी भेळ खाणारे 'ह्याला काय झालं' म्हणून बघत राहतात. क्लिक थ्रीत फिल्म आडवी जाते, रंकाळ्याला तोच बरा.

रोल संपला की परत गुंडाळायची सोय नाही. मी रात्री दिवे घालवून, वर घोंगडी पांघरून, डबीची दांडी बोटांनी फिरवत फिल्म आत ओढतो. घोंगडीचं लोकरीचं कूस फिल्मवर बसतं, ते नंतर फोटोत केसासारखं दिसतं. गंगावेशीतल्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांना मी पहिली पट्टी दाखवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, फोटो मोजले आणि म्हणाले, "अरं लेका, छत्तीसच्या रोलात वीसच काढलास व्हय? आम्ही बारा सोडून छत्तीसच्या मागं लागलो, आणि तू उलटा चाललास."

धुवायला देताना एक गोष्ट बजावून सांगावी लागते, आणि पहिल्या वर्षी मी ती सांगितली नव्हती. लॅबमध्ये निगेटिव्ह सहा-सहा फोटोंच्या मापानं कापतात. त्यांचं माप ठरलेलं, माझे फोटो भलत्याच लांबीचे. आता पाकिटावर लाल शाईनं लिहितो, 'कापू नये'. वर सांगितलेली उभी काठी दुसऱ्या वर्षीची आहे. पहिल्या वर्षीच्या काठीचा बुडखा तिसऱ्या पट्टीच्या शेवटी आहे आणि शेंडा चौथीच्या सुरुवातीला.