हवामान सल्लागार मंडळावर रहिवासी: ठाणे आणि नवी मुंबईतील नेमणुकांची पार्श्वभूमी

शहराच्या हवामान धोरणावर महापालिकेला सल्ला देणारे मंडळ असावे आणि त्यावर साध्या रहिवाशांची नेमणूक व्हावी, ही कल्पना मांडली जाते तेव्हा दाखले बहुधा परदेशातले असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्यावरण आयोगावर तेथील महापौर सात सदस्य नेमतात. फ्रान्सने २०१९-२० मध्ये चिठ्ठ्यांच्या पद्धतीने निवडलेल्या १५० नागरिकांकडून हवामानविषयक १४९ प्रस्ताव तयार करून घेतले. दाखले चुकीचे नाहीत. मात्र ते ऐकून आपल्याकडे पाटी कोरी असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात शहराच्या पर्यावरणविषयक निर्णयांत नागरिकाची खुर्ची महाराष्ट्रातील कायद्यांनी एकदा नव्हे, अनेकदा मांडून ठेवली आहे. ती कोणी भरायची, किती काळ रिकामी राहू द्यायची आणि तिच्यावर बसणाऱ्याचे म्हणणे कोणत्या कागदावर उतरायचे, याचीच ही हकीकत आहे.

सुरुवात झाडांपासून होते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा. या कायद्यान्वये महापालिका क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण असते, आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात, नगरसेवक सदस्य असतात आणि झाडे लावण्या-जगवण्याचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या अशासकीय संस्थांचे प्रतिनिधीही नामनिर्देशित करता येतात. फक्त त्यांची संख्या निवडून आलेल्या सदस्यांपेक्षा जास्त असू नये, एवढी अट आहे. याच कायद्याने झाड तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देणे आणि त्या झाडावर ठळक जागी नोटीस लावणे बंधनकारक केले. घोडबंदर रस्त्याच्या कडेला खोडाला डकवलेला, पावसाने शाई ओघळलेला असा कागद वाचायला थांबलेला माणूस या व्यवस्थेतला सर्वात खालचा, पण सर्वात जागरूक सल्लागार म्हणायला हवा. त्याला हरकत घेता येते. मात्र त्या हरकतीवर निर्णय घेणाऱ्या टेबलाशी त्याला बसता येत नाही. तिथे बसणारा जाणकार कोण, हा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञ सदस्यच नाहीत या मुद्द्यावर २०१८ साली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाला वृक्षतोडीचे निर्णय घेण्यापासून रोखले, तेव्हा रिकाम्या खुर्चीलाही कायदेशीर वजन असते हे राज्यातील इतर महापालिकांनाही दिसले.

दुसरा धागा १९९२ सालचा. १७ डिसेंबर १९९१ रोजी स्थापन झालेल्या नवी मुंबई महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला. त्याच वर्षी जून महिन्यात रिओ येथील वसुंधरा परिषदेने ‘अजेंडा २१’ स्वीकारला आणि त्याच्या २८व्या प्रकरणात, स्थानिक संस्थांनी आपल्या रहिवाशांशी सल्लामसलत करून स्वतःचा कार्यक्रम ठरवावा, असे म्हटले. वर्षअखेरीस संसदेने ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदवला गेला, तर अनुच्छेद २४३-एस ने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. ठाणे महापालिका तोवर दहा वर्षांची झाली होती.

या दुरुस्तीला अनुसरून राज्याच्या महापालिका अधिनियमात कलम २९-अ आले. प्रभाग समितीत त्या भागातील नगरसेवक आणि प्रभागाचा अधिकारी यांच्याबरोबर अशासकीय व वस्तीपातळीवरील संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य नामनिर्देशित करावेत आणि त्यांचे नाव त्याच प्रभागातील मतदार यादीत असावे, असे हे कलम सांगते. रहिवासी म्हणजे कोण, याची एवढी नेमकी व्याख्या अन्यत्र क्वचितच सापडते. पण नामनिर्देशनाचा अधिकार नगरसेवकांनाच दिलेला असल्याने, ज्यांच्या कारभारावर प्रश्न विचारायचे त्यांच्याच पसंतीने प्रश्न विचारणारा ठरतो. मला या साऱ्या इतिहासातील मूळ दुखणे हेच वाटते. पुढे २००९ मध्ये क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातील छोट्या भागांच्या मतदारसभांची, तरतूद झाली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

कलम २९-अ आले त्याच काळात आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवावा, असे कलम ६७-अ कायद्यात आले. ठाण्याचे तलाव, खाडीचे पाणी, हवेची गुणवत्ता, घनकचरा यांची आकडेवारी यामुळे वर्षागणिक एका जागी मिळू लागली. हवामान मंडळावर उद्या कोणी नागरिक नेमला गेलाच, तर त्याच्या हातात पहिला कागद हाच पडेल. अहवाल तयार होताना मात्र त्याला विचारावे, अशी सक्ती कुठेही नाही.

खाडीकाठची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती नेमण्यास सांगितले आणि तिच्यावर मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असे लिहिले. चेंदणी, दिवाळे किंवा सारसोळे येथील कोळी माणूस इथे ‘निमंत्रित’ म्हणून येत नाही. त्याची जागा अधिसूचनेतच आहे. भरती कुठवर येते, कोणत्या नाल्याचे तोंड भरावाने बुजले आणि कोणत्या वर्षापासून जाळ्यात काय येईनासे झाले, हे ज्ञान पदवीच्या रकान्यात बसत नाही. म्हणूनच ही तरतूद मोलाची.

कांदळवनांबाबत न्यायालयाने आणखी एक दार उघडले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती आली आणि बेलापूरचे कोकण भवन नागरिकांच्या तक्रारींचे ठिकाण झाले. रात्री डंपरने टाकलेल्या डेब्रिजचे मोबाइलवरचे फोटो, त्यावरची तारीख-वेळ आणि नकाशावरची खूण अशी फाईल बांधून येणारा नेरुळ-सीवूड्सचा रहिवासी हा या व्यवस्थेचा खरा कणा आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला; त्यामुळे आसपासच्या पाणथळ जागांवरील वाद अधिक नेटाने लढले जाऊ लागले. पण तक्रारदार आणि सल्लागार यांत फरक आहे. तक्रारदार भराव पडल्यावर येतो, तर सल्लागाराला आराखडा काढतानाच बोलवायला हवे.

जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचा अनुभवही याच वळणाचा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने त्या प्रत्येक स्थानिक संस्थेला बंधनकारक केल्या; २००४ च्या केंद्रीय नियमांनी अध्यक्षाखेरीज सहापर्यंत सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला, असे स्वरूप ठरवले. तरीही देशभर त्या स्थापन व्हायला राष्ट्रीय हरित लवादाला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालावी लागली. याउलट फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून द्यावेत, असे सांगितले. पदपथाच्या प्रश्नाला जे मिळाले ते हवेच्या आणि पाण्याच्या प्रश्नाला अद्याप मिळालेले नाही.

‘हवामान’ हा शब्द महापालिकांच्या विषयपत्रिकेवर उशिरा आला. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले, त्याच सुमारास पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ जोडले गेले आणि मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. २०२४ मध्ये ठाण्याचा उष्णता कृती आराखडा आला. आराखडे तज्ज्ञ संस्थांच्या मदतीने झाले, तेही आवश्यकच होते. परंतु पत्र्याच्या छताखालच्या घरात दुपारी काय होते, हे सांगणाऱ्यासाठी कायमची जागा त्यातून निर्माण झाली नाही.

शिवाय नेमके हे आराखडे येत असताना सभागृहे रिकामी होती. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाल्यावर दोन्ही शहरांत पुन्हा नगरसेवक आले. प्रभाग समित्या आणि वृक्ष प्राधिकरण यांना कायद्याचा आधार असल्याने त्यांच्या रचनेचा विषय सभागृहापुढे येणे ठरलेलेच असते. हवामान सल्लागार मंडळासाठी असे कलम नाही, म्हणून ते महासभेच्या ठरावानेच आणावे लागेल. अर्ज कोणी मागवायचे, मुदत किती, बैठकीचे इतिवृत्त कधी प्रसिद्ध करायचे आणि शिफारस नाकारल्यास त्याचे कारण लेखी द्यायचे की नाही, हेही त्या ठरावातच लिहावे लागेल.