अंगणातल्या फुलपाखरांची मोजदाद

पावसाळा सरता सरता पुण्यातल्या एखाद्या अंगणात फुलपाखरांची झुंबड उडते आणि एप्रिल-मेच्या उन्हात तेच अंगण ओकेबोके पडते. हा चढउतार ऋतूचा असतो. पावसाने कोवळी पालवी फुटते, तिच्यावर अळ्या पोसल्या जातात आणि अंडी घातल्यापासून साधारण महिन्याभरात नवी पिढी उडू लागते. म्हणून फुलपाखरे घटली की वाढली हे ठरवायचे, तर यंदाच्या ऑक्टोबरची तुलना मागच्या ऑक्टोबरशीच करावी लागते, आणि तीही आठवणीच्या भरवशावर नव्हे.

ब्रिटनमध्ये १९७६ पासून चाललेल्या गणनेत निरीक्षक ठरलेल्या वाटेने, संथ चालीने जातात आणि पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसलेलीच फुलपाखरे नोंदवतात. अंगणात आठवड्यातून एकदा, ऊन वर आल्यावर, एकाच जागी बसून पंधरा मिनिटे पाहिले तरी पुरते. तेच फुलपाखरू फिरून येते. त्यामुळे प्रत्येक जातीची एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या लिहावी. काहीच दिसले नाही, तर शून्य आवर्जून लिहावे. बहुतेकांच्या वहीत नेमकी हीच नोंद नसते.

मात्र फुलांपेक्षा पाने जास्त सांगतात, असे मला वाटते. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळे, गोल अंडे दिसले, तर ते बहुधा कॉमन मॉर्मन या फुलपाखराचे किंवा लिंबावरच्या फुलपाखराचे असते. त्यातून निघालेली अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुढे ती हिरवीगार होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. पाने कुरतडलेली पाहून आपण औषध फवारतो, तेव्हा मरते ती हीच अळी.

फवारणी नसतानाही बहुतेक अळ्या पक्षी, कोळी आणि परजीवी गांधीलमाश्या यांच्या तोंडी जातात, त्यामुळे एका झाडावरच्या अळ्या नाहीशा झाल्या म्हणून घाबरू नये. पण कोवळी पालवी असूनही हंगामामागून हंगाम अंडीच दिसत नसतील, तर कारण कुंपणाबाहेर शोधावे लागते: शेजारचे लिंबाचे झाड तोडले गेले असेल. रुईच्या पानांवर ज्याच्या अळ्या वाढतात ते प्लेन टायगर हे फुलपाखरू दिसेनासे झाले असेल, तर कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेतली रुई अजून उभी आहे का, ते आधी पाहावे.