आवडीतला वेडेपणा

गोव्यातल्या साखळी गावी सुट्टीत आलेल्या भाचीनं इंग्रजीची वही पुढे केली. ‘आय अ‍ॅम फॉन्ड ऑफ मँगोज’ या वाक्याचं मराठी तिनं लिहिलं होतं, ‘मी आंबे आवडते.’ समोर ताटात मानकुराद आंब्याच्या फोडी होत्या. चूक तिची नव्हे, दोन भाषांच्या घडणीची. इंग्रजीत त्या वाक्याचा कर्ता ‘मी’. मराठीत मात्र आंबाच आवडतो, मी नुसती ‘मला’ होऊन बाजूला. कोकणीतही ‘म्हाका आंबो आवडटा’, तोच थाट.

‘फॉन्ड’ची जन्मकथा तर याहून गोड आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘फॉन’ म्हणजे मूर्ख, त्यावरून ‘फॉन्ड’ म्हणजे खुळावलेला. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात चव गेलेल्या मिठालाही याच कुळातला शब्द आहे. खुळा, मग एखाद्यासाठी खुळावलेला, मग माया करणारा असा अर्थ सरकत गेला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस आजचा अर्थ रुळला. शब्दार्थ असे क्वचितच उडी मारतात. जुना आणि नवा अर्थ बराच काळ शेजारी नांदतात. ‘फॉन्ड होप’ म्हणजे आजही भाबडी आशाच. ‘डोट’ या क्रियापदानंही हीच वाट धरली: आधी बरळणं, मग जीव ओवाळून टाकणं. आजचा ‘फॉन्ड’ मात्र ‘लव्ह’पेक्षा सौम्य. त्यात ओढ आहे, पण ती सवयीनं मुरलेली. जुन्या शेजाऱ्याविषयी, पावसातल्या पेजेविषयी वाटते तशी.

हे एकट्या इंग्रजीचं नाही. संस्कृतात ‘मुह्’ म्हणजे भांबावणं, भान हरपणं. याच एका धातूला एकच प्रत्यय लागून दोन रूपं झाली, ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’. एकाच्या वाट्याला अडाणीपणा आला, दुसऱ्याच्या वाट्याला निरागस सौंदर्य. त्यांचाच भाऊ ‘मोह’. मराठीत आपण त्याला आवरायला सांगतो. गोव्यात प्रेमाला ‘मोग’ म्हणतात आणि त्याची व्युत्पत्ती या मोहाशीच जोडली जाते. तिथं त्याला कुणी आवरत नाही. आईचा मोग, गावाचा मोग, देवाचा मोग, सगळ्यांना एकच शब्द पुरतो.

भाचीनं वाक्य खोडून लिहिलं, ‘मला आंबे आवडतात.’ वही मिटली. बसमध्ये चढताना शेजारच्या माईंनी तिच्या हातात चार आंबे ठेवले आणि म्हणाल्या, “मोग आसूं दी.”