सॅच्युरेटेड फॅट आणि ट्रान्स फॅट, दोन्ही सारखेच वाईट का?

तळलेल्या फास्ट फूडचा विषय निघाला की बरेच जण सॅच्युरेटेड आणि ट्रान्स हे दोन्ही शब्द एका दमात बोलून टाकतात, आणि मला त्याचीच काळजी वाटते, कारण पहिल्याचं प्रमाण सांभाळायचं असतं आणि दुसरं पोटात जायलाच नको.

सॅच्युरेटेड फॅट बटर, क्रीम, चीज, मांसातली चरबी, पाम तेल, खोबरेल तेल यांच्यात मुळातच असतं. जास्त झालं की रक्तातलं एलडीएल वाढतं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचणारं कोलेस्टेरॉल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराच्या कॅलरीपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त यातून येऊ नयेत, २००० कॅलरी धरल्या तर साधारण २२ ग्रॅम.

ट्रान्स फॅटचं प्रकरण जास्त गंभीर आहे. दूध आणि मांसात ते किंचित असतं, पण खरा त्रास कारखान्यातल्या ट्रान्सचा, तिथे पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते अर्धवट घट्ट करतात, असं तेल लवकर खवट होत नाही, तळणीला जास्त वेळ टिकतं, बिस्किटं खुसखुशीत होतात, म्हणून धंद्याला सोयीचं. शरीरात मात्र ते एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल, म्हणजे आपल्या कामाचं कोलेस्टेरॉल, तेही खाली आणतं. म्हणून याची मर्यादा फक्त १ टक्का, जेमतेम २ ग्रॅम! डेन्मार्कने तर २००३ मध्येच कायदा करून यावर बंधन घातलं.

आता पाकिटावरचं बघा. 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून खूश होऊ नका, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, ट्रान्स मात्र असू शकतं. घटकांच्या यादीत 'अंशतः हायड्रोजनेटेड' दिसलं की सरळ परत ठेवा. आणि 'झिरो ट्रान्स' लिहिलेल्या मालात कधी कधी त्याऐवजी पाम तेल असतं, म्हणजे ट्रान्स गेलं आणि सॅच्युरेटेड आलं, तेव्हा तोही आकडा बघाच.

बाहेर गरम गरम तळून मिळतं त्याला लेबल नसतं, तिथे तेल कोणतं आणि कधी बदललं हे विचारायला अजिबात लाजू नका. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात थोडं ट्रान्स आणि बाकीची घातक द्रव्यं तयार होतात, तेल काळपट, चिकट, फेसाळ दिसलं किंवा उग्र वास आला तर तिथे खाऊ नका, मुलांना तर नाहीच.