अ‍ॅरेचा पत्ता, स्ट्रक्चरची प्रत

सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या व्हायवात एक प्रश्न हमखास येतो. पाच आकड्यांचा अ‍ॅरे फंक्शनला दिला आणि आत त्यातला एक आकडा बदलला, की बाहेरचाही बदलतो. तेच पाच आकडे स्ट्रक्चरमध्ये (वेगवेगळी मूल्यं एकत्र बांधणाऱ्या गठ्ठ्यात) घालून दिले, तर बाहेर काही फरक पडत नाही. आजच्या ६४ बिटच्या मशीनवर साइझऑफ (मेमरीतली जागा मोजणारी सोय) लावून पाहा: पाच इंटचा (पूर्णांकांचा) अ‍ॅरे मेनमध्ये २० बाइट दाखवतो आणि फंक्शनच्या आत ८. ‘अ‍ॅरेचं नाव म्हणजे पत्ता’ असं पाठ करून पोरं पुढे सरकतात. पण हे अर्धंच उत्तर झालं. हा नियम कुणी तत्त्व म्हणून आखलेला नव्हता. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिरेक्टरीतल्या, म्हणजे फाइलींच्या यादीतल्या, एका नोंदीत पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवायला जागा नव्हती, त्यातून तो आला.

फंक्शनची गोष्ट याहून जुनी. केंब्रिजचं एडसॅक हे संगणकयंत्र १९४९ साली सुरू झालं, तेव्हा डेव्हिड व्हीलर तिथे संशोधक विद्यार्थी होते. नेहमी लागणारी गणितं प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पुन्हा लिहू नयेत म्हणून तिथे सबरूटिन्सची, म्हणजे आजच्या फंक्शनसारख्या तुकड्यांची, लायब्ररी तयार झाली, तीही कागदी टेपवर. काम संपल्यावर मूळ प्रोग्रॅमकडे परत कसं जायचं, ही अडचण व्हीलर यांनी युक्तीने सोडवली. सबरूटिन सुरू होताच स्वतःच्या शेवटी परतीची सूचना लिहून ठेवायची. छानच, फक्त एक ग्यानबाची मेख होती: परतीचा पत्ता ठेवायला जागा एकच, त्यामुळे सबरूटिनने स्वतःलाच हाक मारली की आधीचा पत्ता पुसला जायचा. म्हणजे रिकर्शन बाद. प्रत्येक हाकेला स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा चळतीवर) वेगळी जागा देण्याची पद्धत अल्गोल ६० या भाषेच्या काळात रुळली, आणि आज पहिल्याच सेमिस्टरला रिकर्शनने फॅक्टोरियल लिहिता येतं ते तिच्यामुळे.

आता मुद्द्याकडे. सीची वंशावळ बीसीपीएल, मग बी, मग सी अशी आहे. मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल १९६७ ची. बी भाषा अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या मशीनसाठी केली, आणि त्या मशीनची मेमरी होती १८ बिटांचे ८ हजार वर्ड (मेमरीचे कप्पे). बीसीपीएल आणि बी या दोन्ही भाषांत टाइप (अक्षर, पूर्णांक असे मूल्यांचे प्रकार) नावाची भानगडच नव्हती. सगळं एकाच मापाच्या वर्डमध्ये. अ‍ॅरे घोषित केला की मेमरीत दोन गोष्टी व्हायच्या: दहा घटक असतील तर दहा वर्डची सलग जागा, आणि तिचा पत्ता धरून बसलेला आणखी एक वर्ड. अ‍ॅरेचं नाव म्हणजे तो वेगळा वर्ड. तेव्हा ‘नाव म्हणजे पत्ता’ हे अक्षरशः खरं होतं.

मग पीडीपी-११ हे नवं मशीन आलं. त्यात मेमरीचा पत्ता बाइटला होता, त्यामुळे अक्षर वेगळं आणि पूर्णांक वेगळा मानणं भाग पडलं. १९७१ मध्ये डेनिस रिची यांनी बीमध्ये कॅरॅक्टर टाइप घातला आणि या मधल्या अवस्थेला ‘न्यू बी’ म्हटलं. तिथवर अ‍ॅरेची जुनी रीत चालून गेली. घोडं अडलं ते स्ट्रक्चर आणताना.

युनिक्सच्या डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची होती: २ बाइटचा आयनोड नंबर (फाइलचा अंतर्गत क्रमांक), पुढे १४ अक्षरांचं फाइलचं नाव. रिचींना स्ट्रक्चर असं हवं होतं, की डिस्कवरून आलेले १६ बाइट जसेच्या तसे त्यात बसावेत. जुन्या रीतीने मात्र नावाच्या अ‍ॅरेला पत्त्याची आणखी एक जागा लागणार. ती ठेवायची कुठे? डिस्कवर तर ती नाहीच. रिचींनी तो पत्ता मेमरीत ठेवणंच बंद केलं: अ‍ॅरेचं नाव एक्स्प्रेशनमध्ये आलं की पहिल्या घटकाचा पत्ता तिथल्या तिथे तयार करायचा. अ‍ॅरे फंक्शनला देताना नेमकं हेच होतं. आत पोचतो तो पॉइंटर, म्हणून ते ८ बाइट. पॅरामीटरमध्ये नावापुढे रिकामा चौकोनी कंस लिहिण्याची सवयही न्यू बीतली, तिथे पॉइंटर असाच घोषित करायचे. रिचींनी स्वतः त्या कंसाला जिवंत जीवाश्म म्हटलं आहे.

स्ट्रक्चरचं वजन किती, ते युनिक्सच्याच इतिहासात दिसतं. थॉम्पसन यांनी १९७२ मध्ये युनिक्सचा कर्नल (गाभा) सीमध्ये लिहून पाहिला आणि सोडून दिला. तेव्हा भाषेत स्ट्रक्चर नव्हतं. १९७३ च्या उन्हाळ्यात, स्ट्रक्चर आल्यावर, तेच काम तडीस गेलं.

तरी स्ट्रक्चर बराच काळ दुय्यमच राहिलं. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात अख्खं स्ट्रक्चर फंक्शनला देता येत नव्हतं. फक्त त्याचा पत्ता घ्यायचा किंवा एखादा मेंबर वापरायचा. प्रत पाठवण्याची सोय लगेच नंतर आली. तोवर अ‍ॅरेचे नियम हजारो ओळींत मुरले होते, ते कोण बदलणार? प्रोटोटाइप (फंक्शनला कोणत्या टाइपची आर्ग्युमेंट लागतात याची आगाऊ घोषणा) सी++ कडून उसने घेऊन १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात आले. त्याआधी चुकीच्या टाइपचं आर्ग्युमेंट दिलं तरी कंपायलर हूं की चूं करत नसे.

आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या ‘कॉल बाय रेफरन्स’बद्दलही, म्हणजे प्रतीऐवजी मूळ व्हेरिएबलच फंक्शनला देण्याबद्दल, बोललं पाहिजे. सीमध्ये तो नाहीच. दोन व्हेरिएबलची अदलाबदल करणाऱ्या स्वॅप फंक्शनला आपण दोन पत्ते देतो आणि त्या पत्त्यांच्याही प्रतीच जातात. हे शिकवताना लपवलं की लिंक्ड लिस्टमध्ये (प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता धरतो अशा साखळीत) त्रास होतो: इन्सर्ट फंक्शन हेड (पहिल्या घटकाचा पत्ता) बदलतं आणि मेनमधला हेड नलच, म्हणजे रिकामाच, राहतो. मग पॉइंटरचा पॉइंटर का लागतो, हे कुणालाच उमगत नाही.

लिंक्ड लिस्ट स्वतः सीपेक्षा बरीच वडील. न्यूवेल, शॉ आणि सायमन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ती वापरली. इन्फिक्सचं (अ + ब) पोस्टफिक्स (अ ब +) करण्याची स्टॅकची रीत डाइक्स्ट्रा यांची, १९६१ ची. सीने यातलं काहीच तयार दिलं नाही. स्ट्रक्चर, पॉइंटर आणि मॅलॉक (मेमरी मागण्याचं फंक्शन) हातात ठेवून बाकीचं तुमच्यावर सोडलं. सरावासाठी सी टिकली, त्याचं मोठं कारण हेच असावं.

आपल्याकडे हा सगळा सराव टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर झाला. बोरलँडचा हा कंपायलर १९८७ चा, डॉससाठीचा. त्याचे सीएलआरएससीआर (स्क्रीन पुसणारं) आणि गेटसीएच (एक की वाचणारं) भाषेच्या प्रमाणात कधीच नव्हते, तरी जर्नलच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ते भक्तिभावाने यायचे, आणि सोबत व्हॉइड मेन. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तकं याच काळात घरोघरी पोचली.

टर्बो सीमधला इंट पीडीपी-११ सारखाच १६ बिटांचा. फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमला ७ दिले की ५०४० येत. ८ दिले की ४०३२० ऐवजी उणे २५२१६. चूक निदान चिन्हावरून पकडली जायची. आजच्या जीसीसी कंपायलरवर इंट ३२ बिटांचा, त्यामुळे १२ पर्यंत सुरळीत चालतं. १३ ला साधारणपणे १९३२०५३५०४ येतं, खरं उत्तर ६२२७०२०८०० असताना. आकडा धन आहे आणि मोठाही आहे, त्यामुळे तो बरोबर समजून जर्नलमध्ये उतरवला जातो.