कानाखालची गाठ आणि बारीक सुई

कानाच्या पाळीखाली लिंबाएवढी गाठ घेऊन डोंबिवलीच्या एक मावशी परळला आमच्याकडे तपासणीला आल्या. गाठ आठ वर्षांची. दुखत नव्हती, म्हणून तशीच राहिली. खुर्चीत बसताच म्हणाल्या, "डॉक्टर, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात."

ही भीती मी रोज ऐकतो. ती निराधार आहे, हे ठामपणे सांगायलाच हवं. गाठीतल्या पेशी तपासायला काढतो ती सुई रक्त काढायच्या सुईइतकी किंवा तिच्याहूनही बारीक असते. तिच्यामुळे लाळग्रंथीचा कर्करोग पसरणं ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. खरा धोका आहे तो गाठ कापून तुकडा काढण्यात. कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. ती दुखावली तर डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो. शिवाय कापलेल्या गाठीतल्या पेशी सांडल्या, तर काही वर्षांनी तिथे बारीकबारीक गाठींचं पीकच येतं.

गाठ दोन बोटांत धरायची, सुई आत घालून चारदोनदा पुढेमागे करायची आणि सुईत आलेला थेंब काचपट्टीवर पसरायचा. एवढंच.

मावशींच्या काचपट्टीवर गिम्सा रंग चढवल्यावर किरमिजी, तंतुमय गर (पेशींच्या मधला पदार्थ) दिसला आणि त्यात विरघळल्यासारख्या पेशी. हा प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, लाळग्रंथीतली सगळ्यात जास्त आढळणारी साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. पण किरमिजी रंग दिसला की निश्चिंत व्हायचं नसतं. ॲडिनॉइड सिस्टिक हा कर्करोगही तोच रंग घेतो. तिथे मात्र गर गुळगुळीत गोळ्यांसारखा असतो आणि पेशी त्याच्या भोवती कडं करतात, आत मिसळत नाहीत. काही वेळा गर जवळजवळ नसतोच, नुसत्या पेशींची गर्दी. सुईत पेशी येतात, गाठीची कड येत नाही. त्यामुळे गाठ आजूबाजूला घुसते आहे का, हे अशा वेळी सांगता येत नाही.

या अनिश्चिततेलाही २०१८ पासून नाव मिळालं आहे. लाळग्रंथीच्या सुई-तपासणीचा रिपोर्ट लिहिण्याची मिलान पद्धत त्या वर्षी आली, तिच्यात रिपोर्टचे सहा गट आहेत. 'साधा ट्यूमर' या गटात कर्करोग निघण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी, 'ट्यूमर आहे पण स्वरूप अनिश्चित' या गटात साधारण एक तृतीयांश, तर 'कर्करोग' या गटात ९० टक्क्यांहून जास्त. किती मोठी शस्त्रक्रिया करायची, हे सर्जन यावरून ठरवतात. क्षयाची किंवा नुसत्या सुजेची गाठ निघाली, तर बहुतेकदा शस्त्रक्रियाच टळते. पॅरोटिडमधल्या सुमारे ८० टक्के गाठी साध्याच असतात. जिभेखालच्या छोट्या ग्रंथीत मात्र उलटं, तिथली गाठ बहुधा कर्करोगाचीच.

रिपोर्ट ऐकून मावशींनी विचारलं, "साधी आहे ना? मग राहू दे की." मी नाही म्हटलं. ही गाठ वर्षानुवर्षे ठेवली तर तिचा कर्करोग होऊ शकतो, आणि आठ वर्षं तर आधीच गेली होती.